अशक्य त्रिकोण लाकडात उतरवताना: मापं, काप आणि कॅमेऱ्याची जागा

प्रश्न असा: पेनरोज त्रिकोण, म्हणजे कागदावर सहज काढता येणारा पण प्रत्यक्षात असू न शकणारा तीन दांड्यांचा त्रिकोण, लाकडात बनवायचा आहे. दांडे काटकोनात जोडले, ठरलेल्या कोनातून फोटोही काढला, पण वरचा कोपरा जुळत नाही. जवळचं टोक जाड दिसतं, सांध्यावर रेघ दिसते. काय चुकतंय? आणि याच युक्तीनं न संपणारा जिना, आरशात आकार बदलणारं नळकांडं असं काही करता येईल का?

थोडक्यात सांगायचं तर चूक बहुधा जोडकामात नसते. वस्तू आधी बनवून कॅमेऱ्याची जागा नंतर शोधली, की हे असं होतं. या सगळ्या प्रकारांत दृष्टिरेषा, म्हणजे कॅमेऱ्यापासून वस्तूकडे जाणारी सरळ रेषा, आधी ठरवायची, आणि प्रत्येक माप, प्रत्येक काप त्या रेषेवरून काढायचा.

आधी त्रिकोण. स्वीडनच्या ऑस्कर रॉयटर्सवार्ड यांनी १९३४ मध्ये नऊ घन मांडून हा आकार प्रथम काढला; त्यांच्या अशक्य आकृत्या १९८२ मध्ये स्वीडनच्या टपाल तिकिटांवरही आल्या. लायोनेल आणि रॉजर पेनरोज या पितापुत्रांनी १९५८ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सायकॉलॉजी’त त्यावर लेख लिहिला आणि त्रिकोणाला त्यांचं नाव चिकटलं. आकृतीतला प्रत्येक कोपरा वेगळा पाहिला तर बिनचूक काटकोन आहे. तिन्ही कोपरे एकत्र धरले की गणित मोडतं. चित्रात दोन टोकं एकमेकांना टेकलेली दिसली, की ती अवकाशातही टेकलेली असणार असं मेंदू गृहीत धरतो. नेहमीच्या वापरात हे गृहीतक योग्यच आहे, कारण दूरच्या दोन गोष्टींच्या कडा नेमक्या एका रेषेत येणं हा दुर्मीळ योगायोग असतो. आपण तो योगायोग मुद्दाम घडवून आणायचा.

तीन दांडे घ्या, तिघांच्या दिशा एकमेकींना काटकोनात: पहिला जमिनीवर, दुसरा त्याच्या टोकाला काटकोनात जमिनीवरच, तिसरा दुसऱ्याच्या टोकावर उभा. घनाच्या कर्णाच्या दिशेनं पाहिलं, म्हणजे दोन्ही आडव्या दिशांच्या बरोबर मधून, ४५ अंशांवरून आणि ३५.३ अंश वरून, तर उभ्या दांड्याचं वरचं टोक पहिल्याच्या मोकळ्या टोकावर बरोबर येऊन बसतं. प्रत्यक्षात दोघांमधलं अंतर दांड्याच्या मध्य ते मध्य लांबीच्या १.७३२ पट असतं. हे अंतर लपवायचं आहे.

प्रमाण जाडीवरून ठरवा. चौरस दांड्याची बाजू ‘ज’ धरली, तर मध्य ते मध्य लांबी ७ज चांगली दिसते. मधल्या त्रिकोणी पोकळीचा आकार या लांबीतून ३ज वजा करून मिळतो. म्हणून लांबी ३ज झाली की पोकळी पूर्ण बुजते आणि ४ज ला जेमतेम फट उरते. १२ज च्या पुढे दांडे काड्यांसारखे दिसतात आणि परिणाम पातळ होतो.

२० मिलिमीटर चौरस, रंधा मारलेल्या सरळ लाकडासाठी मापं अशी: पहिला दांडा १६ सेंमी (८ज), दुसरा १४ सेंमी (७ज), उभा दांडा एका बाजूला १२ सेंमी (६ज) आणि समोरच्या बाजूला १० सेंमी (५ज). एकूण ४२ सेंमी. करवतीचा काप आणि एखादा बिघडलेला तुकडा धरून ६० सेंमी घ्या. बाजारात २० म्हणून मिळणारी पट्टी बऱ्याचदा १८ किंवा १९ मिलिमीटर भरते. व्हर्निअरनं मोजा आणि वरच्या पटींनी सगळं पुन्हा काढा.

उभ्या दांड्याच्या १२ आणि १० या दोन मापांतच मॉडेलचा प्राण आहे. त्याचा माथा सपाट कापायचा नाही, ४५ अंशांत तिरका कापायचा. बहुतेक मॉडेलं इथेच फसतात. माथा सपाट ठेवून पूर्ण उंचीचा दांडा उभा केला, तर वरच्या कोपऱ्यात एक आख्खा घन दिसतो. त्याचं आतल्या बाजूचं तोंड पहिल्या दांड्याच्या सुरुवातीला झाकतं आणि दांडा त्या कोपऱ्यातून बाहेर पडतोय असं वाटतच नाही. ४५ अंशांच्या कापाचा फायदा असा, की कापलेलं तोंड दृष्टिरेषेला समांतर येतं. ठरलेल्या जागेवरून ते कडेवरून पाहिलेल्या कागदासारखं नाहीसं होतं. शिवाय कापाची तिरकी कड पहिल्या दांड्याच्या खालच्या कडेवर तंतोतंत बसते. म्हणजे सांधा जिथे येतो तिथे चित्रात तशीही रेघ असायलाच हवी असते. फक्त डावीकडचे २ सेंमी असे लपतात. उजव्या तोंडावर मात्र एक आडवी रेघ उरते, तिची सोय रंगात करायची आहे.

मांडणी करताना कॅमेऱ्याच्या बाजूनं विचार करा. पहिल्या दांड्याचं मोकळं टोक सगळ्यात दूर. तिथून तो डावीकडे आणि तुमच्याकडे येतो. त्याच्या टोकापासून दुसरा उजवीकडे आणि तुमच्याकडे येतो. त्याच्या शेवटाला, तुमच्या सर्वांत जवळ, उभा दांडा. तो बसवताना १२ सेंमीची बाजू दुसऱ्या दांड्याच्या मोकळ्या टोकाशी सपाट, म्हणजे तुमच्या उजवीकडे. त्याच्या डाव्या दिसणाऱ्या तोंडावर कापाची कड मधल्या धारेपासून डावीकडे खाली उतरलेली दिसली पाहिजे. उलटी दिसली तर दांडा त्याच्या अक्षाभोवती फिरवून बसवा. नव्यानं कापायची गरज नसते.

जोडण्यासाठी लाकडाचा पांढरा गोंद आणि ३×४० मिलिमीटरचे स्क्रू. आधी २ मिलिमीटरचं भोक पाडा, नाहीतर टोकाकडचं लाकूड तडकतं. पहिल्या दांड्याच्या मागच्या बाजूनं स्क्रू घालून तो दुसऱ्याच्या टोकात जाऊ द्या. दुसऱ्याच्या तळातून उभ्या दांड्यात. दोन्ही स्क्रूंची डोकी न दिसणाऱ्या तोंडांवर राहतात. उभा दांडा एकाच स्क्रूवर स्वतःभोवती फिरू शकतो, म्हणून गोंद वाळेपर्यंत गुण्या लावून शिकंज्यात धरा.

गोंद वाळायच्या आत एक तपासणी करा. पहिल्या दांड्याच्या उजव्या तोंडाच्या, म्हणजे दुसऱ्या दांड्याकडे वळलेल्या बाजूच्या, खालच्या कडेवर मोकळ्या टोकापासून २ सेंमीवर खूण करा. उभ्या दांड्याच्या मधल्या, तुमच्याकडे आलेल्या धारेचं सर्वांत वरचं टोक ही दुसरी खूण. दोघांमधलं सरळ अंतर २४.२ सेंमी भरलं पाहिजे. याच दोन बिंदूंमधून ताणलेला दोरा पुढे वाढवला की तो कॅमेऱ्याच्या भिंगापाशी जातो. कोनमापक घेऊन ३५.३ अंश शोधत बसण्यापेक्षा हा दोरा जास्त विश्वासू.

उभा दांडा एक अंश कलला तर माथा साधारण दोन मिलिमीटर सरकतो. तीन मीटरवर कॅमेरा सुमारे तीन सेंटीमीटर हलवला की टोकं पुन्हा जुळतात, कारण दोन बिंदूंमधून दृष्टिरेषा नेहमीच काढता येते. त्रिकोण किंचित वाकडा होतो, कोणाच्या लक्षातही येत नाही. पण दांडा स्वतःभोवती पिळला गेला असेल, तर त्याच्या कडा कुठूनही पहिल्या दांड्याशी मेळ खात नाहीत. तो काढून पुन्हा बसवण्यावाचून इलाज नाही.

आता जवळचं टोक जाड का दिसतं ते. वरचं सगळं गणित अनंत अंतरावरून पाहिल्यासारखं आहे. कॅमेरा जवळच्या टोकापासून ३ मीटरवर असेल, तर दूरचं टोक ३.२४ मीटरवर असतं आणि जवळचं ८ टक्के मोठं दिसतं. २० मिलिमीटरच्या दांड्यावर हा फरक १.६ मिलिमीटर होतो, सहज दिसतो. १० मीटरवर तो अडीच टक्क्यांच्या आत येतो, म्हणजे अर्धा मिलिमीटर. फोटो मोबाईलनं एक मीटरवरून काढत असाल तर फरक २४ टक्के, मग त्रिकोण जुळण्याची आशाच सोडा. इथे एक गैरसमज पक्का रुजलेला आहे: टेलिफोटो भिंगानं दृश्य ‘चपटं’ होतं. भिंगानं काही होत नाही. यथादर्शन, म्हणजे जवळचं मोठं आणि दूरचं लहान दिसणं, फक्त अंतरावर ठरतं. झूमचं काम दुरून आकार मोठा करून देणं, एवढंच. त्यामुळे लांब जाऊन डिजिटल झूम वापरला किंवा नंतर फोटो कातरला तरी भूमिती तीच राहते, फक्त बारकावा कमी होतो.

तीन मीटरच्या दृष्टिरेषेसाठी मॉडेल जमिनीवर असेल तर कॅमेरा आडव्या अंतरानं २.४५ मीटर दूर आणि जमिनीपासून १.८७ मीटर उंच लागतो. हे ट्रायपॉडवर जमतं. दहा मीटरसाठी मात्र जवळजवळ सहा मीटर उंच चढावं लागेल. त्यापेक्षा मॉडेलच फळीवर पक्कं करून फळी कलवा: दूरचा कोपरा वर, कलण ३५.३ अंश, म्हणजे कर्णाच्या दिशेनं दर २० सेंमी आडव्या अंतराला १४.१ सेंमी उचल. दृष्टिरेषा आडवी होते आणि कॅमेरा मॉडेलच्याच उंचीवर ठेवून हवं तितकं मागे जाता येतं.

जागाच नसेल किंवा प्रदर्शनात डोकावायचं भोक ठेवायचं असेल, तर दांडे निमुळते करा. नियम एकच: जाडी डोळ्यापासूनच्या अंतराच्या प्रमाणात. भोक जवळच्या टोकापासून १ मीटरवर असेल आणि दूरचं टोक २० मिलिमीटर ठेवलं, तर पहिल्या कोपऱ्याशी १८.७, दुसऱ्या कोपऱ्याशी १७.४ आणि उभ्या दांड्याच्या माथ्याशी १६.१ मिलिमीटर जाडी हवी. हातरंध्यानं हे होतं, पण चारही बाजूंनी सारखं उतरवणं कटकटीचं आहे. थ्रीडी प्रिंटर असेल तर हा प्रकार त्याच्यासाठीच आहे: संगणकात कॅमेऱ्याचा बिंदू ठेवा, तिथून पहिल्या दांड्याच्या कडांवर जाणाऱ्या रेषांनी उभा दांडा कापा, आणि त्यानंतर कॅमेरा हलवू नका.

डोळ्यानं पाहणाऱ्यासाठी एक डोळा बंद हवाच. तीन मीटरवरून डोकं एक सेंटीमीटर बाजूला सरकलं की सांधा पाऊण मिलिमीटर सुटतो. चांगल्या नजरेला त्या अंतरावर जवळपास एवढाच फरक कळतो. दोन डोळ्यांमध्ये साडेसहा सेंटीमीटर असतात, म्हणजे दोन्ही डोळ्यांना दिसणाऱ्या चित्रांत जवळजवळ पाच मिलिमीटरची तफावत. भोक एक सेंटीमीटरहून मोठं ठेवू नका.

रंग आणि उजेड यांत जितका वेळ घालवाल तितका वसूल होतो. नुसतं लाकूड ठेवलं तर रेषा फितूर होतात: एका दांड्याच्या शिरा आडव्या, दुसऱ्याच्या उभ्या, त्यामुळे वरच्या कोपऱ्यात सलग दिसायला हवं ते तोंड दुभंगतं. प्रायमर, बारीक पॉलिश पेपर, मग मॅट रंगाचे दोन हात. चमकदार रंग चालत नाही, कारण चकाकी दोन्ही टोकांवर सारखी पडत नाही. सर्वांत खात्रीची युक्ती म्हणजे सावली रंगानंच करणं: वरची सगळी तोंडं फिकट राखाडी, उजवी सगळी मध्यम, डावी सगळी गडद. मग उजेड शक्य तितका पसरट ठेवला की छटा रंगावर ठरतात, दिव्यावर नाही. उजव्या तोंडावरची ती आडवी सांध्याची रेघ या एकसारख्या मध्यम राखाडीत विरून जाते.

दिवा जवळ ठेवण्याचा मोह टाळा. दिवा जवळच्या टोकापासून एक मीटरवर आणि दृष्टिरेषेच्याच दिशेला असेल, तर दूरच्या टोकाच्या मानानं जवळचं टोक दीडपट उजळ होतं. पाच मीटरवर फरक दहा टक्क्यांवर येतो. ढगाळ दिवसाचा उजेड किंवा मोठ्या खिडकीवर पांढरा पडदा, याहून चांगलं काही नाही. उभ्या दांड्याची सावली दुसऱ्या दांड्यावर पडली तर खेळ संपला. पार्श्वभूमी काळी, मखमलीसारखी उजेड गिळणारी घ्या. कारण पहिले दोन दांडे जमिनीला टेकलेले आहेत हे त्यांच्या तळाशी पडणाऱ्या बारीक सावलीवरून कळतं, आणि एकदा जमीन दिसली की मेंदू सगळा हिशेब मांडून मोकळा होतो.

कॅमेऱ्यात भिंगाचं छिद्र (अॅपर्चर) एफ/११ च्या आसपास ठेवा म्हणजे दोन्ही टोकं स्पष्ट येतात. एखादं टोक जरी धूसर झालं तरी खोली उघडी पडते. मॉडेल चौकटीच्या मध्यात ठेवा, कडेला भिंगाची वक्रता येते. या जागेवरून त्रिकोणाची एक बाजू उभी दिसते; पाया आडवा हवा असेल तर फोटो ३० अंश फिरवा. फिरवल्यानं जमिनीचा अंदाजही नाहीसा होतो, म्हणून तो तसाच ठेवलेला बरा.

मोठ्या आकारात हेच तत्त्व ऑस्ट्रेलियातल्या ईस्ट पर्थमध्ये १९९९ मध्ये उभ्या राहिलेल्या शिल्पात आहे. कलावंत ब्रायन मॅके आणि वास्तुविशारद अहमद अबास यांचं हे काम १३.५ मीटर उंच आहे. बाकी कुठूनही पाहिलं तर भलतीकडे गेलेले तीन हात, आणि योग्य जागी उभं राहिलं की त्रिकोण.

न संपणारा जिना याच हिशेबाचा पुढचा भाग. पेनरोज यांच्या त्याच लेखात तो होता; डच चित्रकार एम. सी. एशर यांनी त्यावरून १९६० मध्ये गच्चीवर गोल गोल चढणाऱ्या-उतरणाऱ्या भिक्षूंचं शिलामुद्रण केलं आणि १९६१ मध्ये त्रिकोणावरून धबधब्याचं. जिन्याचं मॉडेल करताना लोक चारही बाजूंना सारख्या पायऱ्या घेतात आणि अडकतात. पूर्ण फेरीत जेवढी उंची चढते, तेवढंच जिना दोन्ही आडव्या दिशांनी पाहणाऱ्याकडे सरकला पाहिजे, तरच शेवटची पायरी पहिलीच्या दृष्टिरेषेत येते. म्हणजे पुढे येणाऱ्या बाजू लांब आणि मागे जाणाऱ्या आखूड असायला हव्यात.

जमणारं एक प्रमाण: पायरीची रुंदी उंचीच्या चौपट, आणि चार बाजूंना ६, ६, २, २ पायऱ्या. पायरी १ सेंमी उंच आणि ४×४ सेंमीची घेतली तर फेरीत १६ सेंमी चढ होतो. पुढे सहा, मागे दोन, निव्वळ चार पायऱ्या गुणिले ४ सेंमी, म्हणजे दोन्ही दिशांना १६ सेंमी. हिशेब जुळला. ४ सेंमी चौरस लाकडाचे १६ खांब कापा, उंची २ सेंमीपासून १७ सेंमीपर्यंत एकेक सेंमीनं वाढती. एकूण लांबी १५२ सेंमी, कापासकट १७० घ्या. सर्वांत बुटका २ सेंमीचा खांब दूरच्या कोपऱ्यात. तिथून सहा खांब डावीकडे-तुमच्याकडे (शेवटचा ८ सेंमी), सहा उजवीकडे-तुमच्याकडे (शेवटचा १४), दोन उजवीकडे-मागे (शेवटचा १६), आणि एक डावीकडे-मागे (१७). सतरावा खांब लावायचा नाही. त्याच्या जागी दूरचा २ सेंमीचा खांबच दिसतो, आणि त्याच्या पुढच्या भिंतीचा बरोबर एक सेंमी भाग पुढची पायरी म्हणून उघडा राहतो. सतरावा लावला की तो पलीकडची खरी पायरी झाकतो आणि जिना तिथेच संपतो. इथेही दृष्टिरेषा तीच, ३५.३ अंश, आणि लपवायचं अंतर जवळजवळ २८ सेंमी; त्यामुळे कॅमेरा त्रिकोणापेक्षा थोडा जास्तच लांब न्या.

जिन्यात बारीक चुका साचतात. प्रत्येक खांब अर्धा मिलिमीटर जास्त निघाला तर काही फरक पडत नाही, कारण सगळेच तेवढे उंच होतात. पण रुंदीत अर्धा मिलिमीटर जास्त असेल, तर सहा खांबांत तीन मिलिमीटर जमा होतात. म्हणून आधी कागदावर ७×७ चौकटींचा आराखडा काढून खांब त्यावर चिकटवा, एकमेकांना टेकवून नाही.

आरशात आकार बदलणारं नळकांडं वेगळ्या जातीचं आहे. जपानचे गणिती कोकिची सुगिहारा यांनी ते २०१६ मध्ये प्रसिद्धीला आणलं. समोरून गोल, मागच्या आरशात चौकोनी. इथे दोन दृष्टिरेषा असतात, समोरून ४५ अंश वरून आणि मागून ४५ अंश वरून. नळकांड्याची वरची कड सपाट नसते, हीच सगळी गोम. ४५ अंशांतून पाहताना वर उचललेला बिंदू तेवढाच मागे सरकल्यासारखा दिसतो. त्यामुळे कडेचा प्रत्येक बिंदू दोन आकारांच्या बरोबर मध्ये ठेवायचा आणि त्यांच्यातल्या फरकाच्या निम्म्यानं वर किंवा खाली करायचा: मागच्या अर्ध्यात वर, पुढच्या अर्ध्यात खाली.

३ सेंमी त्रिज्येचं वर्तुळ आणि टोकावर उभा, तेवढ्याच रुंदीचा चौकोन घेतला, तर जाड कागदाची पट्टी १७.५ सेंमी लांब लागते. पट्टीचे चार सारखे भाग करा, प्रत्येक ४३.८ मिलिमीटरचा. मागच्या मधल्या घडीपासून पट्टीवर मोजायचं अंतर आणि तिथली उचल, मिलिमीटरमध्ये:

० – ०
५.७ – २.३
११.६ – ४.१
१७.८ – ५.५
२४.४ – ६.२
३१.७ – ५.८
३७.१ – ४.४
४३.८ – ०

हीच वक्ररेषा दुसऱ्या बाजूला आरशासारखी उलटी करून काढा. पुढच्या अर्ध्यासाठी तीच मापं पुढच्या मधल्या घडीपासून, फक्त खाली. घड्या दोनच, मागे आणि पुढे मधोमध. बाजूंना घडी न घालता कागद गोल वळवा. वरून पाहिल्यास आकार ६ सेंमी रुंद आणि ६ सेंमी खोल असतो, धड गोल नाही धड चौकोनी नाही. मधल्या घडीपासून बाजूला १, २ आणि २.५ सेंमीवर खोली मध्यरेषेपासून २.४१, १.६२ आणि १.०८ सेंमी. हा आराखडा पुठ्ठ्यावर काढून, कापून, पट्टीच्या आत बसवला की आकार ढळत नाही. खालची कडही वरच्याला समांतर कापा, पट्टी सगळीकडे ४ सेंमी उंच. खालची कड सपाट ठेवली तर भिंत कुठे उंच कुठे बुटकी दिसते आणि शंका येते. समांतर कापल्यावर नळकांडं मागच्या बाजूला अधांतरी राहतं, म्हणून आतून छोटा ठोकळा चिकटवा. आरसा मागे उभा, जमिनीला काटकोनात. कॅमेरा ४५ अंशांवर, निदान दीड मीटर दूर. जवळ गेलात तर वर्तुळाचं अंडं होतं.

सुगिहारांचेच चढावर गोळ्या चढणारे उतार २०१० मध्ये ‘बेस्ट इल्यूजन ऑफ द इयर’ स्पर्धेत पहिले आले होते. मधल्या खांबाकडे चार पन्हळ्या चढताना दिसतात, प्रत्यक्षात त्या मध्याकडे उतरत असतात. खांब उभेच आहेत आणि कोन काटकोनच आहेत हे मेंदूचं गृहीतक इथे वापरलं आहे. खरे खांब मात्र तिरके आणि वेगवेगळ्या उंचीचे असतात. कापून घडी घालायच्या तयार सपाट आराखड्याशिवाय हे मोजमाप हातानं काढणं अवघड आहे, सुरुवात याच्यापासून करू नका.

सोपं हवं असेल तर अशक्य खोका घ्या. घनाच्या बारा पट्ट्यांची चौकट बनवा; पुढची एक उभी पट्टी जिथे मागच्या आडव्या पट्टीला झाकते तिथे तिला तेवढीच खाच पाडा, म्हणजे मागची पट्टी पुढून गेल्यासारखी दिसते. खाचेच्या दोन्ही भिंती दृष्टिरेषेला समांतर कापायच्या, काटकोनात नाही. काटकोनात कापल्या तर खाचेची जाडी दिसते. खाच पाडलेली पट्टी लोंबकळते, म्हणून चौकट पूर्ण चिकटवून वाळल्यावरच बारीक करवतीनं खाच पाडा, आणि प्रत्येक काप देण्याआधी एकदा कॅमेऱ्यातून बघा.

एका टोकाला दोन आणि दुसऱ्या टोकाला तीन दांड्या असलेला तो प्रसिद्ध काटा मात्र या मार्गानं होत नाही. त्यात टोकं जुळवायचा प्रश्नच नाही. एका टोकाला जो भाग लाकूड आहे तोच दुसऱ्या टोकाला रिकामी जागा होतो. तो जमवायचा तर दांडीचा रंग हळूहळू पार्श्वभूमीत विरवावा लागतो. ते सुतारापेक्षा रंगाऱ्याचं काम आहे, आणि उजेड जरा बदलला की फसतं.